रोहिणी दूर चालली आहे, हे कळलं कसं?



आपल्या नशिराबादजवळच्या भादली स्टेशनवरून एखादी गाडी न थांबता सुसाट निघून जाते, तेव्हा तिच्या भोंग्याकडे कान द्या. गाडी आपल्याकडे येत असते तोवर भोंगा बारीक, चढ्या सुरात ऐकू येतो. इंजिन आपल्यासमोरून पुढे गेलं की तोच भोंगा एकदम जाड, उतरल्या सुरात येतो. ड्रायव्हरने काही बदललेलं नसतं. हायवेवरच्या रुग्णवाहिकेचंही तसंच. शेतात खाली वाकून निंदणी करणारी बाई मानसुद्धा वर करत नाही, तरी गाडी येते आहे की जाते आहे हे तिला नुसत्या आवाजावरून कळतं.

आजचं बोलणं याच गोष्टीवर आहे. फक्त गाडीच्या जागी तारा धरा आणि भोंग्याच्या जागी ताऱ्याचा उजेड. माणसाने ताऱ्यांची चाल कशी मोजली, ती मोजायला जगातले लोक आपल्या महाराष्ट्रात का आले होते, आणि आज आकाशात पाठवलेल्या दुर्बिणीने हे काम किती पुढे नेलं, त्याचा हा इतिहास आहे. यात आपल्या बचत गटाच्या कामाचीही एक गोष्ट आहे. ती ओघाने येईलच.

आधी अडचण काय होती ते समजून घेऊ. रात्री लांबच्या बांधावरून कोणी कंदील घेऊन आडवं चाललं, तर कंदील सरकताना दिसतो. पण तोच माणूस सरळ आपल्या दिशेने चालत आला, तर कंदील बराच वेळ एका जागीच उभा वाटतो. ताऱ्यांचंही असंच आहे. तारा आडवा सरकला तर पुष्कळ वर्षांच्या नोंदी ताडून ते कळतं. पण आपल्या नजरेच्या रेषेत, म्हणजे सरळ आपल्याकडे येणारा किंवा सरळ आपल्यापासून दूर जाणारा तारा जागचा हललेला दिसतच नाही. या नजरेच्या रेषेतल्या वेगाला शास्त्रज्ञ अरीय वेग म्हणतात. आपण येण्या-जाण्याचा वेग म्हणू.

वाट सापडली ती आवाजावरून. १८४२ साली प्राग शहरात ख्रिस्तियन डॉपलर नावाच्या ऑस्ट्रियन प्राध्यापकाने मांडलं की आवाज असो वा उजेड, तो देणारी वस्तू जवळ येत असेल तर त्याच्या लाटा दाटीने येतात आणि दूर जात असेल तर विरळ होतात. तीन वर्षांनी, १८४५ मध्ये, हॉलंडमधल्या बाईस बॅलट नावाच्या शास्त्रज्ञाने याची परीक्षा घेतली. त्याने तुतारी वाजवणाऱ्यांना आगगाडीच्या उघड्या डब्यावर बसवलं आणि सुरांची चांगली जाण असलेल्या वादकांना रुळाशेजारी उभं केलं. गाडी येताना सूर चढा आणि जाताना उतरता ऐकू आला. आपण भादलीला फुकट ऐकतो ते त्यांनी मुद्दाम आगगाडीवर प्रयोग करून तपासलं!

पण उजेडाचा सूर ऐकायचा कसा? त्यालाही एक खूण मिळालेली होती. जर्मनीत योसेफ फ्राउनहोफर नावाचा एक अनाथ मुलगा काचेच्या कारखान्यात उमेदवारी करत मोठा कारागीर झाला. त्याने १८१४ च्या सुमारास सूर्याचा उजेड काचेच्या लोलकातून पसरवून पाहिला. इंद्रधनुष्यासारखा रंगांचा पट्टा दिसला आणि त्या पट्ट्यात शेकडो बारीक काळ्या रेघा. लुगड्याच्या काठावर जशा ठरलेल्या जागी रेघा असतात, तशा. १८५९ मध्ये किरखोफ आणि बुन्सेन या जोडीने दाखवलं की सोडियम, लोखंड, कॅल्शियम अशा प्रत्येक मूलद्रव्याच्या रेघा ठरलेल्या असतात आणि त्यांच्या जागाही ठरलेल्या असतात.

आता दोन्ही गोष्टी जोडा. रेघेची जागा जर पक्की ठरलेली आहे, तर ती जरा सरकलेली दिसली म्हणजे तारा हलतो आहे. रेघ जांभळ्या बाजूला सरकली तर तारा आपल्याकडे येतो आहे. तांबड्या बाजूला सरकली तर दूर जातो आहे. जितकी सरकली तितका वेग. ताऱ्यापर्यंत जायला नको, तो किती लांब आहे हेही माहीत असायला नको. त्याचा उजेड तेवढा हाती लागला पाहिजे.

ऐकायला सोपं वाटतं, पण हा फरक किती बारीक आहे ते आपल्याच हिशोबात सांगते. उजेड सेकंदाला सुमारे तीन लाख किलोमीटर धावतो. तारा सेकंदाला एक किलोमीटर वेगाने हलत असेल, तर रेघ तीन लाखांत एक इतकीच सरकते. म्हणजे तीन लाख रुपयांच्या जमाखर्चात एका रुपयाचा फरक शोधून काढायचा! शिवाय आपली पृथ्वीच सूर्याभोवती सेकंदाला सुमारे तीस किलोमीटर वेगाने पळते आहे. तो आपला स्वतःचा वेग दर वेळी हिशोबातून वजा करावा लागतो.

पहिला मोठा प्रयत्न १८६८ साली झाला. लंडनच्या विल्यम हगिन्सने व्याधाचा तारा घेतला, कारण रात्रीच्या आकाशात तोच सगळ्यांत तेजस्वी. दुर्बिणीला डोळा लावून त्याने रेघेची जागा पाहिली आणि सांगितलं की व्याध सेकंदाला सुमारे ४७ किलोमीटर वेगाने दूर जातो आहे. आज आपल्याला माहीत आहे की व्याध दूर जात नाही. तो सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर वेगाने जवळ येतो आहे. कल्पना बरोबर होती, पण थरथरणाऱ्या हवेतून नुसत्या डोळ्यांनी एवढा बारीक फरक पकडणं शक्यच नव्हतं. १८७५ मध्ये हगिन्सचं लग्न मार्गारेटशी झालं. तिला छायाचित्रणाची चांगली जाण होती. दोघांनी मिळून ताऱ्यांच्या पट्ट्यांची छायाचित्रं घेतली आणि १८८९ पासून लेखांवर दोघांची नावं येऊ लागली. त्याच सुमारास, १८८८ मध्ये, जर्मनीतल्या पॉट्सडॅमला फोगेलने छायाचित्रावरून वेग मोजायला सुरुवात केली. डोळा थकतो, विसरतो. काचेवर उमटलेली रेघ मात्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या माणसाला पुन्हा मोजता येते. खरा बदल तिथे झाला.

याच काळातली एक गोष्ट तुम्हाला आवडेल. आपल्याकडे लग्नात नवरीला अरुंधतीचा तारा दाखवतात. सप्तर्षींमधल्या वसिष्ठाला चिकटून ती बारीक चांदणी असते. १८८९ साली अमेरिकेतल्या हार्वर्ड वेधशाळेत याच वसिष्ठाचे पट्टे तपासले जात होते. काही काचांवर एक रेघ दिसे, काहींवर त्याच जागी दोन. उलगडा असा झाला की वसिष्ठ हा एक तारा नसून एकमेकांभोवती फिरणारे दोन तारे आहेत. एक आपल्याकडे येत असतो तेव्हा दुसरा दूर जात असतो, म्हणून रेघ दुभंगते. या कामात वेधशाळेचे प्रमुख पिकरिंग यांच्यासोबत होती अँटोनिया मॉरी. तिने लगेचच सारथी तारकासमूहातल्या आणखी एका ताऱ्याचा असाच दुहेरीपणा शोधून काढला. तिला मजुरी होती ताशी पंचवीस सेंट. आपण केलेल्या कामाला आपलं नाव लागलं पाहिजे, असा तिने आग्रह धरला. शेवटी १८९७ मध्ये तिची ताऱ्यांची यादी छापली, तेव्हा त्यावर तिचं नाव होतं.

आता आपल्या महाराष्ट्रात येऊ.

२२ जानेवारी १८९८ या दिवशी सूर्याला खग्रास ग्रहण लागणार होतं. चंद्राची गडद सावली कोकणकिनाऱ्यावर विजयदुर्गजवळून शिरून सोलापूर जिल्ह्यातून, पुढे वऱ्हाडातून आणि वर्ध्यावरून उत्तरेकडे जाणार होती. या अरुंद पट्ट्यातच सूर्य पूर्ण झाकलेला दिसणार होता. म्हणून इंग्लंड, अमेरिका, जपान इथून शास्त्रज्ञ आपल्या गावांकडे आले. तो काळ कठीण होता. मोठा दुष्काळ नुकताच होऊन गेला होता आणि मुंबई-पुण्यात प्लेग होता. तरी विजयदुर्गला लॉकियर, पुलगावला न्यूऑल, तळणीला मॉन्डर पती-पत्नी आणि करमाळा तालुक्यातल्या जेऊरला अमेरिकेचे विल्यम कॅम्पबेल अशा छावण्या पडल्या.

कॅम्पबेल हे नाव लक्षात ठेवा. ताऱ्यांचा येण्या-जाण्याचा वेग मोजण्याच्या कामात त्या काळात या माणसाच्या तोडीचं दुसरं कोणी नव्हतं. कॅलिफोर्नियातल्या डोंगरावरच्या लिक वेधशाळेत १८९६ पासून त्यांनी खास या कामासाठी बनवलेलं यंत्र दुर्बिणीला जोडलं होतं आणि एकेक तारा घेऊन मोजणी सुरू केली होती. ते जेऊरला आले ते सूर्यासाठी. ग्रहणात सूर्याभोवती जो पांढरा तेजोवलय दिसतो, त्यात एक हिरवी रेघ असते. ते वलय सूर्याबरोबर फिरतं का, हे त्यांना पाहायचं होतं. फिरत असेल तर एक कड आपल्याकडे येईल, दुसरी दूर जाईल, आणि दोन कडांची हिरवी रेघ किंचित वेगळ्या जागी दिसेल. म्हणजे तीच भोंग्याची युक्ती. पुलगावला न्यूऑलही हेच मोजायचा प्रयत्न करत होते.

जेऊरला सूर्य पूर्ण झाकला गेला तो जेमतेम दोन मिनिटं. कित्येक महिन्यांचा प्रवास, उंच उभारलेला कॅमेरा, तालमी, सगळं त्या दोन मिनिटांसाठी. वलयाच्या फिरण्याचा पक्का वेग काही हाती लागला नाही, फरक फारच बारीक होता. पण त्या हिरव्या रेघेची जागा जी आजवर चुकीची धरली जात होती, ती त्या ग्रहणाच्या काचांवरून दुरुस्त झाली. करमाळ्याच्या माळावर उमटलेली ती रेघ जगाच्या पुस्तकांत गेली.

जेऊरच्या छावणीत कॅम्पबेल यांची पत्नी एलिझाबेथही होती. माणसं, सामान, जेवणखाण, वेळेवर सगळं हाताशी असणं, हा मोहिमेचा सगळा प्रपंच तिने पाहिला. पुढेही अनेक ग्रहण-मोहिमांवर ती गेली. तिला त्याचा पगार नव्हता. तिने त्या मोहिमांच्या आठवणी लिहून ठेवल्या, म्हणून आज आपल्याला छावणीतलं रोजचं जगणं कळतं.

तिकडे तळणीला अ‍ॅनी मॉन्डर होती. मुंबईहून तळणीकडे जाणारी आगगाडीची वाट आपल्या जळगाव-भुसावळवरूनच जाते. अ‍ॅनी केंब्रिजच्या गर्टन कॉलेजात गणित शिकली, परीक्षा उत्तम गुणांनी पास झाली, पण तेव्हा केंब्रिज विद्यापीठ बायकांना पदवी देत नसे. ग्रिनिच वेधशाळेत ती महिना चार पौंडांवर गणकाचं काम करू लागली. १८९५ मध्ये तिथल्याच वॉल्टर मॉन्डरशी लग्न झालं, आणि लग्न झालेल्या बाईला सरकारी नोकरी नाही या नियमाने तिला काम सोडावं लागलं. काम सोडलं, आकाश नाही सोडलं. तळणीला तिने स्वतः योजलेल्या छोट्या कॅमेऱ्याने सूर्याच्या वलयातून निघालेला एक लांबलचक झोत टिपला. इतका लांब झोत तोवर कोणालाच छायाचित्रात पकडता आला नव्हता. इंग्लंडच्या रॉयल अ‍ॅस्ट्रॉनॉमिकल सोसायटीने १८९२ मध्ये तिला सभासद करून घ्यायचं नाकारलं होतं. बायकांना तिथलं दार उघडलं १९१६ साली, तेव्हा ती सभासद झाली.

या गोष्टी मी मुद्दाम सांगते आहे. आपल्या गावांत अजूनही ग्रहण लागलं की गरोदर बाईला कोंडून ठेवतात. भाजी चिरू नको, शिवू नको, पाणी पिऊ नको, असं सांगतात. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्याच मातीवर, भर ग्रहणात, बायका उघड्यावर उभ्या राहून काम करत होत्या. ग्रहण म्हणजे चंद्राची सावली. सावलीने पोटातल्या बाळाला काही होत नाही. उपाशी आणि तहानलेलं राहिल्याने मात्र आईला त्रास होतो. जपायचं ते डोळ्यांना. उघड्या डोळ्यांनी सूर्याकडे कोणीच बघायचं नाही, त्यासाठी प्रमाणित ग्रहण-चष्माच हवा. २ ऑगस्ट २०२७ ला पश्चिम भारतातून खंडग्रास सूर्यग्रहण दिसणार आहे. पावसाळ्याचे दिवस आहेत, ढग असतील. पण गटाच्या बैठकीत हा विषय आत्तापासून काढायला हरकत नाही.

जेऊरला त्या दिवशी आणखी एक छावणी होती, आपल्या माणसाची. कावसजी दादाभाई नायगमवाला हे पुण्याच्या सायन्स कॉलेजात शिकवत. हे कॉलेज म्हणजे आजच्या पुण्याच्या अभियांत्रिकी महाविद्यालयाचं जुनं रूप. भावनगरचे महाराज तख्तसिंगजी यांनी १८८२ मध्ये पाच हजार रुपये दिले, मुंबई सरकारने तेवढीच भर घातली, आणि १८८८ मध्ये पुण्यात महाराजा तख्तसिंगजी वेधशाळा उभी राहिली. डब्लिनच्या ग्रब कारखान्यातून वीस इंच आरशाची दुर्बीण आली. तेव्हा हिंदुस्थानात तेवढी मोठी दुर्बीण दुसरी नव्हती. उजेडाचे पट्टे तपासायची यंत्रंही होती. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या रेघांवर नायगमवालांनी केलेलं काम इंग्लंडमध्ये छापलं गेलं. जेऊरला ते आपल्या कॉलेजातली माणसं घेऊन गेले आणि त्या ग्रहणाचा सविस्तर अहवाल त्यांनी लिहिला.

एकाच गावच्या माळावर, एकाच दिवशी, दोन छावण्या. पुढे त्यांचं काय झालं ते ऐका.

नायगमवाला १९१२ मध्ये निवृत्त झाले. त्यांच्यासोबत वेधशाळाही बंद झाली. मोठी दुर्बीण आणि यंत्रं तमिळनाडूतल्या कोडाईकनालला गेली. ज्या माणसाने एकट्याने एवढं उभं केलं, त्याच्या जागी दुसरा माणूस तयार करायची तजवीज कोणी केली नव्हती. पुण्यातली ती नोंदवही तिथेच थांबली.

कॅम्पबेल यांच्याकडे मात्र काम एका माणसाचं राहिलं नाही. उत्तरेतून दक्षिणेचे तारे दिसत नाहीत, म्हणून १९०३ मध्ये त्यांच्या वेधशाळेने दक्षिण अमेरिकेत, चिली देशात, दुसरं ठाणं उघडलं. माणसं बदलली, निवृत्त झाली, नवी आली. मोजायची पद्धत तीच राहिली, वही तीच राहिली. १९२८ मध्ये कॅम्पबेल आणि त्यांचे सहकारी जोसेफ मूर यांनी यादी छापली. त्यात २,७७१ ताऱ्यांचे वेग होते. साधारण बत्तीस वर्षांचं काम, २,७७१ तारे. आपण वर्षाचे दिवस धरले तर चार दिवसांत एक तारा पुरता होई. एकेका ताऱ्याची पुन्हा पुन्हा छायाचित्रं घ्यायची, सूक्ष्मदर्शकाखाली रेघा मोजायच्या, पृथ्वीचा वेग वजा करायचा, वहीत लिहायचं.

मैत्रिणींनो, आपल्या पंचसूत्रीतलं पाचवं सूत्र आठवा. बैठक, बचत, कर्जवाटप, परतफेड, आणि पाचवं म्हणजे नियमित हिशोब लिहिणं. गावोगाव फिरताना मी पाहते, पहिली चार सूत्रं उत्साहाने चालतात. पाचवं मात्र एकाच शिकलेल्या ताईवर सोडलेलं असतं. ती ताई सासरी गेली, बाळंतपणाला माहेरी गेली, नाहीतर शहरात राहायला गेली की दप्तर बंद. पैसा असतो, माणसं असतात, पण गट थांबतो. पुण्याच्या वेधशाळेचं नेमकं हेच झालं. हुशारी कमी पडली नाही. वही दुसऱ्याच्या हातात गेली नाही.

ताऱ्यांची वही मात्र पुढे हातोहात गेली. आता ती आकाशात कशी गेली ते सांगते.

जमिनीवरून पाहायचं म्हणजे ढग, हवेची थरथर, दिवसाचा उजेड यांचा अडथळा. शिवाय एका जागेवरून अर्धंमुर्धंच आकाश दिसतं. म्हणून युरोपने १९८९ मध्ये हिपार्कस नावाची दुर्बीण अंतराळात सोडली. तिने एक लाखाहून जास्त ताऱ्यांच्या जागा आणि आडवी चाल फार बारकाईने मोजली. पण येण्या-जाण्याचा वेग मोजायची सोय तिच्यात नव्हती. म्हणजे वहीत एक रकाना कोराच राहिला. कंदील आडवा किती सरकला ते कळलं, जवळ येतो की लांब जातो ते कळलं नाही.

पुढच्या दुर्बिणीत तो रकाना ठेवायचाच असं ठरलं. तिचं नाव गाया. १९ डिसेंबर २०१३ ला ती दक्षिण अमेरिकेतल्या फ्रेंच गयानातून उडाली आणि पृथ्वीपासून पंधरा लाख किलोमीटरवर, सूर्याच्या उलट्या बाजूला, ठाण मांडून राहिली. ती जात्यासारखी सावकाश स्वतःभोवती फिरे, सहा तासांत एक फेरी. फिरता फिरता आकाशातले तारे तिच्या समोरून एकामागून एक सरकत जात. तिच्यातल्या एका यंत्राचं कामच ताऱ्यांचा उजेड पसरवून रेघा टिपणं हे होतं. त्यासाठी आपल्या डोळ्याला दिसणाऱ्या तांबड्याच्याही थोडा पलीकडचा पट्टा निवडला होता, कारण तिथे कॅल्शियमच्या तीन ठळक रेघा असतात आणि बहुतेक ताऱ्यांच्या उजेडात त्या सापडतात. हाडांना लागतं तेच हे कॅल्शियम.

अंधूक ताऱ्याचा उजेड एका फेरीत इतका थोडा येई की त्यात रेघच दिसत नसे. मग उपाय काय? तोच तारा वर्षानुवर्षं पुन्हा पुन्हा समोर येतो. दर वेळचा थोडा थोडा उजेड संगणकाने एकत्र केला, आणि मग रेघा वर आल्या. आठवड्याची बचत एका वेळी मोजली तर काहीच वाटत नाही, वर्षाअखेरीला पासबुक बघितलं की आकडा दिसतो. हे तसंच.

पण एक अडचण उरली. रेघ सरकली की नाही हे ठरवायला मुळात खरी जागा कुठली, ते माहीत हवं. जमिनीवरच्या वेधशाळेत त्यासाठी यंत्राशेजारी दिवा लावून त्याच्या रेघा ताडून पाहतात. गायात असा दिवा नव्हता. मग वजन ताडायचं कशावर? बाजारात तराजू खरा आहे का हे बघायला शिक्क्याचं वजन ठेवतात, तसे शिक्क्याचे तारे वापरले. ज्यांचा वेग बदलत नाही आणि जे जमिनीवरच्या दुर्बिणींनी वर्षानुवर्षं काळजीपूर्वक मोजून ठेवलेले आहेत, असे ४,८१३ तारे फ्रान्सच्या कॅरोलिन सुबिरां आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निवडून यादी केली. गायाचा काटा त्या ताऱ्यांवर जुळवला. म्हणजे अंतराळातली एवढी मोठी दुर्बीणसुद्धा जमिनीवरच्या माणसांच्या जुन्या वह्यांवर उभी होती.

२५ एप्रिल २०१८ ला गायाच्या यादीत ७२ लाख ताऱ्यांचे येण्या-जाण्याचे वेग आले. १३ जून २०२२ ला आकडा गेला ३ कोटी ३८ लाखांवर. आणि तो निघाला फक्त चौतीस महिन्यांच्या नोंदींतून. कॅम्पबेल यांच्या यादीतल्या एका ताऱ्यामागे आज बारा हजार तारे उभे आहेत. ही यादी कोणालाही फुकट बघता येते. इंटरनेट असलेली आपल्या गावातली कॉलेजची मुलगीसुद्धा ती उघडू शकते.

या आकड्यांचा उपयोग काय, असं एका बैठकीत एका ताईने मला विचारलं होतं. तिला मी जे सांगितलं तेच इथे सांगते. आपल्या गल्लीत राहणाऱ्या सगळ्या बायका काही त्याच गावात जन्मलेल्या नसतात. कोणी चोपड्याची, कोणी धुळ्याची, कोणी बऱ्हाणपूरची. बोलण्याचा हेल, भाकरी थापायची पद्धत, चालण्याची ढब यांवरून माहेर ओळखू येतं. ताऱ्यांचंही माहेर त्यांच्या चालीवरून ओळखता येतं. आकाशगंगेतले बहुतेक तारे एकाच दिशेने, मळणीच्या बैलांसारखे फेर धरून चाललेले आहेत. २०१८ साली अमिना हेल्मी यांनी, त्या मूळच्या अर्जेंटिनाच्या आणि हॉलंडमध्ये काम करतात, गायाच्या नोंदी तपासल्या. त्यांना ताऱ्यांचा एक मोठा घोळका सापडला, ज्याची चाल इतरांहून वेगळी, काहींची तर उलट्या दिशेची होती. ते तारे मूळचे इथले नव्हते. सुमारे हजार कोटी वर्षांपूर्वी एक दुसरी, लहान आकाशगंगा आपल्या आकाशगंगेत येऊन मिसळली, तिचे ते तारे. तेव्हा पृथ्वीच काय, सूर्यही नव्हता. एवढी जुनी गोष्ट आज कळते ती कशावरून? रेघ थोडी इकडे की थोडी तिकडे, यावरून. आडवी चाल आणि येण्या-जाण्याचा वेग हे दोन्ही रकाने भरल्याशिवाय हे माहेर सापडलं नसतं.

१५ जानेवारी २०२५ ला गायाने नोंदी घेणं थांबवलं. तिच्या टाकीतला वायू संपत आला होता. २७ मार्च २०२५ ला ती कायमची बंद केली. पण पुण्यासारखं इथे झालं नाही. यंत्र बंद पडलं तरी वही उघडी आहे. उरलेल्या नोंदींचा हिशोब शेकडो माणसं करत आहेत, त्यांत पुष्कळ बायका आहेत आणि त्यांची नावं कामावर लिहिलेली आहेत. अँटोनियाला ज्यासाठी भांडावं लागलं ते त्यांना भांडल्याशिवाय मिळतं आहे.

आता एक काम तुम्हाला सांगते. हिवाळ्यात संध्याकाळी जेवणं आटोपली की ओट्यावर या. मृग नक्षत्रातले एका ओळीतले तीन तारे तर आपण लहानपणापासून ओळखतो. त्या ओळीची रेघ एका बाजूला वाढवली की लखलखीत व्याध लागतो. दुसऱ्या बाजूला वाढवली की तांबूस रंगाची रोहिणी. व्याध आपल्याकडे येतो आहे, सेकंदाला साधारण साडेपाच किलोमीटर. रोहिणी दूर चालली आहे, सेकंदाला ५४ किलोमीटर. एका सेकंदात जळगावहून भुसावळला जाऊन परत यावं, एवढा तिचा वेग. तरी काळजी नको. ती इतकी लांब आहे की हजार वर्षांनीही आपल्या लेकी-नातींना ती अशीच तांबूस दिसेल, आणि तिच्या नावाने पेरणीचे हिशोबही असेच चालतील.

हे बघताना मुलींना बरोबर घ्या. आणि पुढच्या बैठकीत गटाचं दप्तर उघडाल, तेव्हा लिहिणाऱ्या ताईच्या शेजारी आणखी एकीला बसवा. तिला लिहायला शिकवा. सहा महिन्यांनी वही तिच्या हातात द्या.